बांबू धरणारी

भात झोडण्याचा आवाज मला आवडतो असं म्हटलं की लोकांना वाटतं, म्हातारीला जुने दिवस आठवतात, नव्या तांदळाचा वास आठवतो. तसलं काही नाही. मला तो आवाज आवडतो, कारण तो मारण्याचा आवाज आहे आणि त्यात कुणी रडत नाही. परवा पुतण्याच्या गाडीतून बारवी धरणाकडे गेले होते. एका पाड्यापाशी दोघी बायका खळ्यावर झोडत होत्या. पेंढी उचलायची, डोक्यावरून मागे न्यायची आणि समोरच्या ओंडक्यावर दाणकन आपटायची. "आत्या, मशीन आलं तरी हे का करतात गं?" पुतण्या म्हणाला. मी त्याला गाडी थांबवायला लावली आणि काच खाली करून बराच वेळ बसून राहिले. त्याला वाटलं, मला भरून आलं. मी आपली त्यातल्या धाकटीचा खांदा बघत होते.

जन्मभर शाळेत मुलींना कवायत आणि लेझीम शिकवली, त्याची ही खोड. समोरच्याने हात उचलला की माझी नजर आधी त्याच्या खांद्यावर जाते. नुसता हात उचलला असेल तर तो राग. हाताबरोबर खांदाही फिरला, दोन्ही एका उतारावरून खाली आले, तर तो मार. रागाने मारलेली थप्पड गालावर चुरचुरते आणि विसरता येते. खांद्यातून आलेला फटका हाडापर्यंत जातो. हे मला कवायतीच्या कोर्सात कुणी शिकवलं नाही. अंबरनाथला, माझ्या ताईच्या परसात, एका सुगीत मी ते पाहून शिकले.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. मी मॅट्रिकला गणितात आपटले होते. वडिलांची बदलापुरात वकिली होती, म्हणजे कुळांच्या तक्रारी ऐकणं आणि उरलेल्या वेळात पंचांग बघणं. ते म्हणाले, "कमलच्या घरी जा. जावई इंजिनियर आहेत, भूमिती तरी सुधारेल." कमल म्हणजे माझी ताई. भाऊजी कारखान्यात अधिकारी होते. कंपनीचं क्वार्टर, पुढे बाग, मागे परस, परसाच्या कुंपणापलीकडे लगेच भाताची खाचरं. नवरात्र सरत आलं होतं, भात पिवळं पडलं होतं आणि ऊन असं की पत्र्याच्या बादलीला हात लागला तर चटका बसे.

कापणीचे दिवस लोकांना गोड वाटतात. मी कुंपणाशी उभी राहून बघत असे आणि मला तिथे सगळी मारामारीच दिसे. विळ्याने भात खसाखस कापलं जाई. भात कमी होत खाचराच्या मध्यापुरतं उरलं की आत दडलेले उंदीर, ससे, साप बाहेर पळत, आणि माणसं काठ्या घेऊन कडेने उभीच असत. एकदा ठकीबाईने घोणस मारली. ठकीबाई म्हणजे त्या खाचराची मालकीण, आगरी बाई, कास्टा घट्ट मारलेला. तिने विळ्याच्या पाठीने एकच घाव घातला, घोणसीचं डोकं ढेकळात चेचलं आणि ती परत कापायला वाकली. धड कितीतरी वेळ वळवळत होतं. मी आत येऊन ताईला सांगितलं. ती भाजी चिरत होती. "एका घावात मेली ना? मग बरं झालं," ती म्हणाली.

आता गोल्फबद्दल सांगायला हवं. कारखान्यात दोन-तीन गोरे साहेब अजून उरले होते. त्यांनी वस्तीबाहेरच्या माळावर गोल्फ मांडला होता. हिरवळ कुठली? पाऊस गेला की तो माळ विटेसारखा भाजून निघे. बॉल ज्या भोकात घालायचा त्याच्या भोवती तेल शिंपडलेली वाळू पसरत, तीच हिरवळ. साहेब निघून गेल्यावर त्यांच्या खुर्च्या रिकाम्या होणार होत्या, आणि ज्याला खुर्ची हवी त्याने गोल्फ खेळावा असं अधिकाऱ्यांत न बोलता ठरलेलं होतं. भाऊजींना खुर्ची हवी होती. दिवाळीनंतरच्या रविवारी सामने होते. भाऊजींनी एका साहेबाकडून जुन्या स्टिकांची पिशवी घेतली, विलायती पुस्तक मागवलं आणि संध्याकाळी कारखान्यातून आले की परसात सराव सुरू केला.

ते मला समजावूनही सांगत. शिकवण्याची त्यांना मनापासून हौस होती, आणि माझ्यावर त्यांनी कधी आवाज चढवला नाही. "शकू, समजा माझ्या मानेपासून त्या बॉलपर्यंत कौलारू छप्पर घातलंय. माझे खांदे त्या छपराच्या उतारावर फिरले पाहिजेत. आणि हातही त्याच उतारावर. खांदे एका उतारावर आणि हात दुसऱ्या, असं झालं की सगळा जोर फुकट." मग ते स्टिक मागे नेऊन दाखवत. दिसायला देखणा माणूस, उंच, बाह्या दुमडलेल्या. मला ते सगळं आवडे. पहिले काही दिवस मी त्यांच्यावर खूश होते हे खरं आहे.

पण छप्पर डोळ्यांना दिसत नाही. म्हणून त्यांनी बांबू आणला. बॉलच्या पलीकडे जमिनीत खळगा केला, त्यात बांबूचं एक टोक रोवलं. दुसरं टोक त्यांच्या उजव्या खांद्याच्या अंगाने तिरकं वर येई आणि ते ताईने त्यांच्या पाठीमागे उभं राहून दोन्ही हातांनी धरायचं. हे झालं छप्पर. स्टिक मागे जाताना बांबूच्या खालून गेली पाहिजे. हात जास्त वर उचलले गेले तर स्टिक बांबूला लागे. म्हणजे चूक कळे.

स्टिक बांबूला लागली की तो हादरा सरळ ताईच्या मनगटात जाई. खणकन आवाज होई आणि तिचे हात कोपरापर्यंत थरथरत. भाऊजी थांबत. आधी ते स्टिक नीट नेऊन भिंतीला टेकवत, कारण ती महाग होती. मग परत येत. "कमल, बांबू हलला," असं शांतपणे म्हणत, आणि मारत.

मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला काही समजलंच नाही. मी पायरीवर बसून त्रिकोण काढत होते. ताई तोल जाऊन पेरूच्या झाडावर आदळली, तिने पदर सावरला, बांबू उचलला आणि परत उभी राहिली. "चुकून हलला," ती म्हणाली. भाऊजींनी स्टिक घेतली, पाय फाकवून उभे राहिले, मान खाली घातली आणि पुढचा फटका मारला. तो बांबूखालून अगदी सुरेख गेला. "बघ, असा," ते मला म्हणाले.

मग तो नेमच झाला. तिकडे खळ्यावर झोडणी सुरू झाली, इकडे आमच्या परसात. शेजारच्या क्वार्टरमधल्या बाई कुंपणावरून म्हणाल्या, "यंदा झोडणी लवकर सुरू झाली नाही?" त्यांना खरंच तसं वाटलं की तसं म्हणायचं होतं, कोण जाणे. ताईची मनगटं आधी लाल झाली, मग निळी, मग त्यांच्यावर हिरवट पिवळा रंग आला. ती भरपूर बांगड्या घालू लागली. त्या बांगड्याही फुटत. केरात रोज काचा निघत आणि मी त्या कागदात गुंडाळून टाकत असे.

ठकीबाई एकदा नवे पोहे घेऊन मागच्या दारी आली. ताईच्या गालाकडे बघत राहिली. "काय झालं गो बाय?"

"पडले."

"पडल्यावर गालावर बोटं उठत नाय गो," ठकीबाई म्हणाली. पोह्यांचं मडकं तिने खाली ठेवलं. "माझा पन मारायचा. मंग मेला."

ताई हसली. त्या सगळ्या दिवसांत मी तिला तेवढंच हसताना पाहिलं.

सकाळी भाऊजी मला भूमिती शिकवत. काटकोन, पाया, उंची, कर्ण. "कर्णाची काठी तेवढीच ठेवली आणि पाया लांबवला की कोन लहान होतो. पाठ नको करूस, डोळ्यांपुढे आण," ते म्हणत. मी डोळ्यांपुढे आणलं आणि माझ्या डोळ्यांपुढे ताई आली. कारण संध्याकाळी मी पाहत होते. मार खाल्ला की दुसऱ्या दिवशी ताई किंचित मागे उभी राही. फार नाही, टाचेएवढी. परसातल्या मऊ मातीत तिच्या टाचांचे खळगे उमटत आणि ते दिवसेंदिवस भिंतीकडे सरकत चालले होते. बांबूची लांबी तेवढीच. ती मागे सरली की वरचं टोक खाली येणारच. म्हणजे छप्पर चेपत होतं. छप्पर चेपलं की काल जो फटका बरोबर होता तो आज बांबूला लागे. लागला की मार. मारला की ताई आणखी मागे.

हे सगळं माझ्यासारख्या गणितात आपटलेल्या मुलीला दिसत होतं आणि इंजिनियरला दिसत नव्हतं. कारखान्यात हा माणूस सूतभर फरक चालवून घेत नसे, यंत्राचा पाया पाणसळ लावून तपासत असे. पण बायको कुठे उभी आहे हे मागे वळून बघायचं त्यांच्या मनातही आलं नाही. बायको म्हणजे खुंटी, ती कशी हलेल? मोजमापाचं साधन त्यांनी जिला मारायचं तिच्याच हातात दिलं होतं. मी एक अक्षर बोलले नाही. आणि आजही मला त्याचं काही वाटत नाही.

दिवाळीपर्यंत भाऊजींनी त्या चेपलेल्या छपराशी जुळवून घेतलं. त्यांचे हात आता कमरेभोवती आडवे फिरत, विहिरीवरचा रहाट फिरतो तसे. खांदे मात्र अजून जुन्याच उतारावर फिरत होते. पण बांबूला स्टिक लागत नव्हती, त्यामुळे ते खूश होते. भाऊबीजेला त्यांनी मला साडी दिली आणि ताईच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "हिच्यामुळे जमलं." ताईने तो हात ठेवू दिला, पण तिचे डोळे मिटले गेले.

सामन्याच्या रविवारी आम्ही बायका माळावरच्या मांडवात बसलो होतो. पुढे साहेब लोक. भाऊजींची पाळी आली. पहिला फटका बॉलच्या वरून गेला. कुणीतरी हसलं. दुसऱ्याने बॉल बाजूच्या निवडुंगात घालवला. एक म्हातारा साहेब त्यांच्या मागे जाऊन उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला की तुझे खांदे एकीकडे चाललेत आणि हात भलतीकडे, हे तुला कुणी शिकवलं? लोक पुन्हा हसले. भाऊजींनी मान वर केली आणि मांडवाकडे पाहिलं. सरळ ताईकडे. त्या क्षणी त्यांना सगळं समजलं. ताईने पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला आणि ती जमिनीकडे बघत बसली.

तिसरा फटका त्यांनी बॉलला मारलाच नाही. तो मनातल्या मनात ताईला मारला असणार, सगळा जोर लावून, दात खाऊन. स्टिक बॉलच्या अलीकडे भाजलेल्या जमिनीत रुतली आणि थांबली. अंग पुढे गेलं, हात मागे राहिला. सुकी फांदी पिळून तोडावी तसा आवाज आम्हाला मांडवात ऐकू आला. मग किंकाळी. भाऊजी गुडघ्यावर बसले होते आणि त्यांचा उजवा खांदा जिथे असायला हवा तिथे नव्हता.

त्यांना जीपमधून उल्हासनगरला नेलं. तिथे निर्वासितांच्या कॅम्पात, लष्कराच्या जुन्या बराकीत, एक सिंधी डॉक्टर बसत. त्यांनी भाऊजींना बाकावर झोपवलं, स्वतःच्या पायातला बूट काढला, टाच त्यांच्या काखेत रोवली आणि निखळलेला हात दोन्ही हातांनी धरून ओढला. "माई, कसके पकड़ो," ते ताईला म्हणाले. ताईने भाऊजींचा डावा हात घट्ट धरला. भाऊजी ओरडत होते, आईला हाक मारत होते, मग नुसतेच ओरडत होते. मी दाराशी उभी होते. मला बरं वाटत होतं. अंगभर, पायाच्या नखापर्यंत बरं वाटत होतं. खांदा खट्कन बसला तेव्हा मला वाईट वाटलं की संपलं.

हात झोळीत बांधताना डॉक्टरांचं लक्ष ताईच्या मनगटांकडे गेलं. "और ये?"

"गिर गई," ताई म्हणाली.

"मैं सब छोड़के कराची से आया हूँ, बेटी," ते पट्टी बांधता बांधता म्हणाले. "छोड़ना बुरा नहीं होता."

ताईने बांगड्या मनगटांवर ओढून घेतल्या. घरी आल्यावर भाऊजींना उशांना टेकवून बसवलं. वेदनेने त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी ताईकडे पाहिलं आणि नेहमीच्याच शांत आवाजात म्हटलं, "हात बरा होऊ दे, कमल."

तेवढंच. पण त्या एका वाक्यावर पुढचे सगळे दिवस गेले. हात बांधलेला होता तोवर घरात मार नव्हता, आणि तो हात बरा करायचं काम ताईचं होतं. तीच त्यांना भरवी, अंघोळ घाली, सदऱ्याची बटणं लावी. झोळी निघाल्यावर डॉक्टरांनी तेल लावून हात रोज थोडा वर उचलायला सांगितलं. ताई तिळाचं तेल कोमट करी आणि तो खांदा चोळत बसे. सगळ्या बोटांनी, मन लावून, कणीक मळावी तशी. खळ्यावरची झोडणी संपत आली होती, पेंढ्याची उडवी रचून झाली होती आणि इकडे भाऊजींचा हात रोज थोडा थोडा वर चढत होता. आधी छातीपर्यंत, मग हनुवटीपर्यंत.

मी तिच्यावर चिडले. "नीट चोळू नकोस ना. कोण बघतंय? राहू दे ना तो असाच."

"असं करू नये," ताई म्हणाली.

"तो बरा झाला की तुला मारून टाकेल."

"माहीत आहे," ती म्हणाली आणि तेल गरम करायला उठली. त्या वेळी मला तिचा जेवढा राग आला तेवढा भाऊजींचाही आला नव्हता. ही बाई मातीची आहे, हिला मेंदू नाही, असं मी उशीत तोंड खुपसून म्हटलं. आणि दुसरीकडे मला पक्कं वाटत होतं की बांबू तिने मुद्दामच उतरवला होता. सूड म्हणून. त्या सूडाचा मला इतका अभिमान होता की पुढे कित्येक वर्षं मी तो मनात जपला. अखेर म्हातारपणी, आम्ही दोघीही सत्तरीच्या पुढे गेल्यावर, मी तिला विचारलं. ती गोंधळून माझ्याकडे बघत राहिली. "मुद्दाम? छे गं. मला भीती वाटायची. पाय आपोआप मागे जायचे." म्हणजे त्या माणसाचा खांदा निखळला तो कुणाच्या सूडाने नाही. आपण घातलेली भीती आपल्याच अंगावर कशी फिरते, हे मी त्यानंतर बरेच दिवस उगाळत बसले होते. मुलींना लेझीम शिकवताना मी कधी छडी हातात घेतली नाही, ती बहुधा याच धास्तीने.

पौष लागला होता. सकाळी खाचरात धुकं असे. त्या दिवशी ताईने भाऊजींना ओसरीत उन्हात बसवलं आणि खांदा चोळला. मग समोर उभी राहिली. "आता हात वर करा बघू."

त्यांनी केला. कपाळापर्यंत गेला.

"आणखी. कानाला लागू दे."

भाऊजींनी ओठ दाबले आणि हात सरळ वर नेला. दंड कानाला टेकला. तो झरझर खाली आणून त्यांनी पुन्हा वर नेला, आणि दुसऱ्या वेळी हाताबरोबर खांदाही फिरला. दोन्ही एकाच उतारावरून खाली आले. इतके दिवस बांबूने जे साधलं नव्हतं ते आता आपसूक साधलं होतं. मला ते दिसलं. भाऊजी ताईकडे बघून हसले. "बरा झाला," ते म्हणाले.

"दुखत नाही ना कुठे?"

"अजिबात नाही."

ताईने मोरीत जाऊन हात धुतले, साबण लावून, नखांतलं तेलसुद्धा. आत जाऊन ती पिशवी घेऊन आली. ती कधी भरून ठेवली होती मला माहीत नाही. "शकू, चप्पल घाल."

"कुठे निघालीस?" भाऊजींनी विचारलं.

"बदलापूरला."

"पौषात कशाला? परत कधी येणार?"

"येणार नाही," ताई म्हणाली. भाऊजी उठले. त्यांचा हात वर गेला. ताई त्या हाताकडे बघत जागच्या जागी उभी राहिली, टाचेएवढीही मागे सरली नाही. हात तिथेच थांबला. मग ती पाठ फिरवून पायऱ्या उतरली.

आम्ही चिखलोलीवरून, कापलेल्या खाचरांच्या बांधाबांधाने चालत निघालो. तुटलेली धसकटं माझ्या पोटऱ्यांना टोचत होती. मी मागे वळून वळून बघत होते, ते येतात की काय म्हणून. ताईने एकदाही बघितलं नाही. शेवटी माझ्याने राहवेना.

"जायचंच होतं तर त्या रविवारीच का नाही निघालीस? इतके दिवस त्याचा खांदा का चोळत बसलीस?"

ताईने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"आजारी माणसाला टाकून जाता येत नाही, शकू," ती म्हणाली. "धडधाकट माणसाला येतं."